डायल करून मिळणाऱ्या बदलत्या आयपीवर घरचा मेल सर्व्हर : सल्ला हवा

निळीशाई (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

गेल्या वर्षी माझं एक जुनं मेल खातं एका सकाळी बंद झालं. कारण कळवलं नाही. दोनदा अर्ज केला, दोन्ही वेळा ठरावीक छापाचं उत्तर आलं. अकरा वर्षांची पत्रं गेली आणि त्यात आईने शेवटच्या दोन वर्षांत लिहिलेली सगळी होती. तेव्हापासून मनात पक्कं बसलंय की घरातल्यांचा पत्रव्यवहार घरातल्या डिस्कवर राहिला पाहिजे.

हाताशी आहे ते असं: एक जुना लॅपटॉप, चार जीबी रॅम, त्यावर डेबियन (फुकट मिळणारं लिनक्स) टाकून झालंय. स्वतःचं डोमेन आहे, त्याच्या डीएनएस नोंदी (नावावरून पत्ता सांगणाऱ्या) मला हव्या तेव्हा बदलता येतात, स्क्रिप्टनेही. वापरणारे आम्ही तिघं, दिवसाला फार तर तीस-चाळीस मेल.

अडचण कनेक्शनची. राउटर पीपीपीओईने (नाव-पासवर्ड देऊन जोडणी करायची पद्धत) डायल करतो आणि दर वेळी नवा आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, मिळतो. दिवसातून एकदा बदलतोच, लाईन पडली तर जास्त वेळा.

बजेट: डोमेनची वार्षिक फी भरतेच आहे, तेवढीच. दर महिन्याची नवी वर्गणी नको. घरात यावर बोलून झालंय, त्यामुळे तो मुद्दा कृपया सोडून द्यावा.

असा सर्व्हर कुणी प्रत्यक्ष चालवलाय का? बदलता आयपी नक्की कुठे नडतो? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

---

सुटसुटीत

नका करू. मी दोन वर्षं चालवला आणि बंद केला. पाठवलेले मेल निम्म्या लोकांच्या स्पॅममध्ये, उरलेले परत. नोकरीचा एक अर्ज पोचलाच नाही, आणि हे मला तीन आठवड्यांनी कळलं. पैसे देऊन चांगली सेवा घ्या, स्वतःचं डोमेन तिथे जोडा, सुखाने झोपा. महिन्याला किरकोळ रक्कम असते.

---

जोडनळी

लॅपटॉप कशाला? मी दोन डिस्कचा नॅस (घरच्या जाळ्यावर जोडायची साठवणपेटी) घेतला, त्यात मेल सर्व्हरचं पॅकेज तयारच येतं. बटण दाबलं की चालू. डिस्क आरशासारख्या एकमेकींची नक्कल ठेवतात, एक गेली तरी डेटा शाबूत. एकदाच खर्च करा, पण चांगला करा.

---

मोडेमवाला

ताई, तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं. आम्ही हे सगळं खऱ्या मोडेमवर केलंय. सेंडमेल हा मेल पोचवणारा प्रोग्राम, एकच फोनलाईन, दिवसभर पत्रं रांगेत साठायची आणि रात्री लाईन जोडली की एकदम सुटायची. त्याच कामाच्या पोस्टफिक्समध्ये आजही ती सोय आहे: 'डिफर ट्रान्सपोर्ट्स'मध्ये एसएमटीपी (सर्व्हरने सर्व्हरला मेल देण्याची पद्धत) लिहायचं, म्हणजे तो स्वतःहून बाहेर काही पाठवत नाही. जोडणी झाली की 'आयपी-अप' स्क्रिप्टमधून रांग मोकळी करायची.

येणाऱ्या मेलसाठी ईटीआरएन असायचं, १९९६चं. जोडलो की सेवादात्याच्या सर्व्हरला सांगायचं, माझ्या डोमेनचं साठलेलं पाठव. पण तो पाठवायचा नोंदीतल्या पत्त्यावर, म्हणून स्थिर आयपी लागायचा. बदलत्या आयपीवाल्यांसाठी ऑगस्ट १९९९मध्ये एटीआरएन आलं, आरएफसी (इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज) २६४५. पोर्ट, म्हणजे जोडणीचं क्रमांकाचं दार, ३६६. आपणच जोडायचं, ओळख पटवायची, मग त्याच जोडणीवर भूमिका उलटतात आणि समोरचा आपल्याला मेल देऊ लागतो. तुमचाच प्रश्न, पंचवीस वर्षांपूर्वी सोडवलेला. सेवादात्याकडे विचारून बघा.

---

तारयंत्र

काका, एटीआरएन आता कोण देतं? मी तीन ठिकाणी विचारलं. दोन ठिकाणच्या मदतकेंद्रात तो शब्दच कुणाला माहीत नव्हता, तिसऱ्याने नवीन कनेक्शनची माहितीपत्रिका पाठवली. कल्पना सुंदर आहे, हे मान्य.

---

एकटाकी

एक विनंती. शीर्षकात 'मेल सर्व्हर' ठीक, पण मजकुरात 'मेल आले', 'मेल गेले' वाचवत नाही. विरोप हा चांगला शब्द आपल्याकडे आहे.

---

रात्रपाळी

लांब लिहितोय, कारण अर्ध्या प्रतिसादांत दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झालीय. मेल घेणं आणि मेल पाठवणं हे दोन वेगळे प्रश्न आहेत. बदलता आयपी दोन्हीकडे वेगळ्या प्रकारे नडतो.

पाठवणं आधी. घरगुती कनेक्शनवरून थेट दुसऱ्याच्या सर्व्हरला मेल देणं जवळजवळ संपलंय असंच धरा. बहुतेक सेवादाते बाहेर जाणारं पोर्ट २५ बंद ठेवतात, कारण व्हायरस लागलेली घरची यंत्रं तिथूनच स्पॅम सोडायची. तुमच्याकडे ते उघडं असलं तरी तुमचा आयपी बहुधा स्पॅमहाउस या स्पॅमविरोधी संस्थेच्या पीबीएल यादीत असणार. ही गुन्हेगारांची यादी नाही. 'या पत्त्यांवरून थेट मेल येणं अपेक्षित नाही' अशी ती धोरणाची यादी आहे, आणि कित्येक पट्टे सेवादात्यांनी स्वतःच त्यात टाकलेले असतात. यादीला विचारलं की उत्तर १२७.०.०.१० आलं तर नोंद सेवादात्याची, १२७.०.०.११ आलं तर स्पॅमहाउसची. तुमचा एक पत्ता काढून घेण्यात अर्थ नाही, उद्या तो तुमचा नसेलच.

त्यात उलटा डीएनएस, म्हणजे आयपीवरून नाव शोधण्याची नोंद. ती सेवादात्याच्या हातात असते. तुमच्या डोमेनमध्ये काहीही लिहा, उलट्या नोंदीत आकड्यांचं लांबलचक नावच दिसणार. फेब्रुवारी २०२४पासून गूगल आणि याहू यांनी सगळ्याच पाठवणाऱ्यांसाठी सुलट-उलट डीएनएस जुळण्याची अट लेखी घातलीय. सुटसुटीत यांचे मेल स्पॅममध्ये गेले ते बहुधा याच कारणांनी. सर्व्हर घरी होता हा त्याचा दोष नव्हता, त्यांनी थेट पाठवले हे चुकलं.

उपाय जुना आहे. आपल्या सर्व्हरने स्वतः वाटप करायचं नाही, एका स्थिर पत्त्याच्या रिले सर्व्हरकडे पोर्ट ५८७ किंवा ४६५ वर, नाव-पासवर्ड देऊन, सगळं सोपवायचं. पोस्टफिक्समध्ये 'रिलेहोस्ट'. नाव चौकटी कंसात लिहा, नाहीतर तो त्या नावाची एमएक्स नोंद (डोमेनचा मेल कुठल्या सर्व्हरला द्यायचा ते सांगणारी) शोधत बसतो. बऱ्याच डोमेन नोंदणीदारांकडे डोमेनसोबत एखादी छोटी मेलपेटी असते. तुमच्याकडे असेल तर तिचाच पाठवणी सर्व्हर वापरता येतो का बघा. त्याने तुमच्या डोमेनच्या प्रेषक पत्त्याला हरकत घेता कामा नये, एवढीच अट.

घेण्याबद्दल उद्या. आधी दोन चाचण्या करा. राउटरच्या पानावर दिसणारा आयपी आणि बाहेरून दिसणारा आयपी एकच आहे का? राउटरवर १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा पत्ता दिसला तर तुम्ही सेवादात्याच्या मोठ्या नॅटमागे (एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटणारी सोय) आहात आणि बाहेरून तुमच्यापर्यंत कुणी येऊच शकत नाही. दुसरी, बाहेरच्या एखाद्या यंत्रावरून तुमचं पोर्ट २५ उघडतं का?

---

सुटसुटीत

थेटच पाठवत होतो, हे खरं. पण रिले घेतला म्हणजे शेवटी दुसऱ्यावरच विसंबलो ना? मग सगळंच त्याच्याकडे का नको?

---

निळीशाई

सुटसुटीत, फरक आहे. रिले उद्या बंद पडला तर मी दुसरा लावेन, एका ओळीचं काम. पत्रं मात्र माझ्या डिस्कवरच असतील. मला गेलेली पत्रं छळतात. पाठवायची वाट काय, कुठलीही चालेल.

रात्रपाळी, चाचण्या केल्या. राउटरवरचा आणि बाहेरचा आयपी एकच आहे. आत येणारं पोर्ट २५ उघडं, बाहेर जाणारं बंद. पीबीएलचं उत्तर १२७.०.०.१०. आणि हो, नोंदणीदाराकडे डोमेनसोबत एक मेलपेटी आहे, आजवर कधी वापरली नव्हती.

---

कडीकुलूप

मी भाड्याचा छोटा व्हीपीएस (दुसऱ्याच्या यंत्रावरचा आभासी सर्व्हर) घेतो, त्याचा स्थिर आयपी, त्यावर वायरगार्डचा बोगदा (कूटबद्ध खासगी जोडणी) थेट घरापर्यंत. एमएक्स नोंद व्हीपीएसकडे बोट दाखवते, तो पोर्ट २५ घरी ढकलतो. घरचा आयपी कितीही बदलो, बोगदा घरूनच उघडतो म्हणून काही फरक पडत नाही. उलटा डीएनएस व्हीपीएसच्या पानावरून लावता येतो. मोठ्या नॅटमागूनही चालतं. माझ्या मते खरा उपाय हाच.

एक गोष्ट मात्र माझ्याकडून शिका. सुरुवातीला मी व्हीपीएसवर पत्ता-बदल असा लावला होता की बाहेरून येणारी प्रत्येक जोडणी घरच्या सर्व्हरला बोगद्याच्या आतल्या पत्त्यावरून आल्यासारखी दिसायची. आणि तो आतला पट्टा मी पोस्टफिक्सच्या 'मायनेटवर्क्स'मध्ये विश्वासू म्हणून लिहिलेला. म्हणजे अख्खं जग विश्वासू झालं. एका रात्रीत चाळीस हजारांवर स्पॅम माझ्या रांगेतून गेलं, व्हीपीएसचा आयपी काळ्या यादीत, खातं गोठवलेलं. निस्तरायला महिना गेला. बोगदा लावणार असाल तर मूळ पत्ता टिकवा: एचएप्रॉक्सी या जोडण्या पुढे ढकलणाऱ्या प्रोग्रामचा प्रॉक्सी प्रोटोकॉल तो पत्ता पुढे कळवतो, पोस्टफिक्सला तो आवृत्ती २.१० पासून कळतो.

---

जोडनळी

नॅसवर हे सगळं करावंच लागत नाही.

---

कडीकुलूप

करावं लागतं हो. पॅकेजने सर्व्हर चालू होतो, आयपी स्थिर होत नाही. तुमच्याकडे बहुधा स्थिर आयपी आहे.

---

जोडनळी

हो, स्थिर आहे. कनेक्शनसोबत घेतलाय. तोच सल्ला देणार होतो, थोडे जास्त पैसे देऊन स्थिर आयपी घ्या.

---

निळीशाई

मासिक वर्गणी नको आहे हो. व्हीपीएस काय, स्थिर आयपी काय, दोन्हींत तीच आली.

---

तारयंत्र

मग माझी पद्धत ऐका. एमएक्स नोंदणीदाराच्या पेटीकडेच ठेवा. घरचा सर्व्हर दर पाच मिनिटांनी तिथून मेल ओढून आणेल आणि तिथलं पुसून टाकेल. फेचमेल किंवा गेटमेल हे प्रोग्राम हेच करतात. तुमचा आयपी कुणाला कळायची गरजच नाही. वीज गेली, लाईन गेली, पेटी तिकडे साठवत राहते.

तिघांसाठी एकच पेटी असेल तर एक मेख आहे. पेटीत पडलेल्या पत्रावर 'पाकिटावरचा' पत्ता राहत नाही, फक्त आतल्या कागदावरचा 'प्रति' राहतो. भावाला कुणी गुप्त प्रत पाठवली तर आत त्याचं नाव कुठेच नसतं, फेचमेल गोंधळतो आणि ते कुणाच्या तरी भलत्याच खात्यात पडतं. नोंदणीदार पाकिटावरचा पत्ता 'डिलिव्हर्ड-टू' किंवा तत्सम शीर्षओळीत लिहून ठेवत असेल तरच एका पेटीवर भागवा. आमच्याकडे लिहीत नव्हता. बहिणीचं मुलाखतीचं बोलावणं माझ्या खात्यात तीन दिवस पडून होतं.

---

मोडेमवाला

+१. फेचमेल आम्हीही वापरायचो, मोडेमवर.

---

रात्रपाळी

आता घेण्याबद्दल. एसएमटीपी मुळात विस्कळीत जाळ्यासाठीच लिहिलंय, आरएफसी ८२१, १९८२. तुमचा सर्व्हर उत्तर देत नसेल तर पाठवणारा मेल टाकून देत नाही, रांगेत ठेवतो. आजचा नियम, म्हणजे २००८चा आरएफसी ५३२१, सांगतो की दोन प्रयत्नांत साधारण अर्धा तास तरी असावा आणि निदान चार-पाच दिवस प्रयत्न सोडू नये. त्यामुळे घरचा सर्व्हर रात्रभर बंद राहिला तरी माणसांची पत्रं बुडत नाहीत. एकवेळच्या पासवर्डचे मेल तेवढे उशिरा आले की निरुपयोगी.

म्हणून डायनॅमिक डीएनएस लावून थेट घरी घेणं शक्य आहे. ए नोंदीचं (नावाचा आयपी सांगणारी) टीटीएल, म्हणजे इतरांनी जुनं उत्तर किती वेळ धरून ठेवायचं ते, ६० सेकंद, आयपी बदलताच स्क्रिप्टने नोंद बदलायची. एमएक्स मात्र ए नोंद असलेल्या नावाकडेच दाखवा, सीनेमकडे (टोपणनावाची नोंद) नाही, ते नियमात बसत नाही.

तरीही मी तारयंत्र यांची ओढून आणायची पद्धतच सुचवेन. कमी कटकट.

---

उंबरठा

थेट घेण्याच्या विरोधात लिहितोय, कारण मला फटका बसलाय.

सर्व्हर बंद असला तर पाठवणारा थांबतो, हे बरोबर. पण बदलत्या आयपीत सर्व्हर 'बंद' नसतो, पत्ता दुसऱ्याचा झालेला असतो. माझा जुना आयपी दोन मिनिटांत त्याच सेवादात्याच्या दुसऱ्या ग्राहकाला मिळाला आणि त्याच्याकडेही मेल सर्व्हर होता. माझ्यासाठीचा मेल त्याच्याकडे गेला. त्याच्या सर्व्हरने योग्य तेच केलं, 'हे डोमेन माझं नाही' म्हणून ५५४ दिलं. पाचने सुरू होणारा आकडा म्हणजे कायमचा नकार. पाठवणाऱ्याला लगेच परत गेला. चारने सुरू होणारा असता तर पुन्हा प्रयत्न झाला असता. परत गेलेला मेल वडिलांच्या तपासणीच्या तारखेचा होता, आणि पाठवणाऱ्याला वाटलं की मी पत्ताच बंद केला.

आणि तो सर्व्हर नाकारणारा होता म्हणून निदान कळलं. मिळेल ते सगळं स्वीकारणारा असता तर पत्र त्याच्या डिस्कवर राहिलं असतं आणि कुणालाच कळलं नसतं.

---

कडीकुलूप

हेच! म्हणून बोगदा.

---

तारयंत्र

हेच! म्हणून ओढून आणा.

---

सुटसुटीत

हेच! म्हणून करूच नका.

---

कागदीनाव

वाचनखूण साठवली. दुय्यम एमएक्स लावला तर उंबरठा यांचा प्रश्न सुटेल का? मित्राच्या घरी माझ्यासारखाच सर्व्हर आहे, एकमेकांचे दुय्यम व्हायचा विचार होता.

---

तारयंत्र

नाही सुटणार. परक्या सर्व्हरने ५५४ दिलं की पाठवणारा दुय्यमकडे जातच नाही, उत्तर मिळालेलं असतं. दुय्यमकडे तो मुख्य सर्व्हर सापडला नाही किंवा त्याने तात्पुरता नकार दिला तरच जातो. वर स्पॅम टाकणारे मुद्दाम दुय्यम गाठतात, तिथे पहारा ढिला असतो असा त्यांचा अनुभव. आणि तुझ्या घरात कोणकोणते पत्ते खरे आहेत हे मित्राच्या सर्व्हरला माहीत नसेल तर तो सगळं घेतो, नंतर तुझ्या सर्व्हरने नाकारलं की परतीचे मेल निष्पाप लोकांना धाडतो. खऱ्या पत्त्यांची यादी दोन्हीकडे ठेवणार असाल तरच करा.

---

मोडेमवाला

निळीशाई ताई, आयपी बदलल्यावर नोंद बदलायला दर पाच मिनिटांची क्रॉन (ठरावीक वेळाने आपोआप चालणारं काम) लावू नका. राउटर ब्रिज करा, म्हणजे तो नुसता पुढे सोडेल, आणि डायल लॅपटॉपलाच करू द्या. पीपीपीडी हा डायल करणारा प्रोग्राम जोडणी झाली की त्याच क्षणी 'आयपी-अप' चालवतो आणि नवा पत्ता त्याला सांगतो. तिथूनच डीएनएस बदला. पाच मिनिटांचं खिंडार काही सेकंदांवर येतं, पुढे टीटीएलचं एक मिनिट. आम्ही हे मोडेमवर करायचो, पीपीपीओईतही पीपीपीच आहे.

---

कडीकुलूप

काका, म्हणजे मेलचा लॅपटॉप उघडा इंटरनेटवर. राउटरचं नॅट निदान चुका झाकतं. आणि घरातल्या बाकीच्यांचं इंटरनेटही मग त्या लॅपटॉपमधूनच जाणार. तो अपडेटसाठी बंद केला की घर बंद.

---

मोडेमवाला

एनएफटेबल्स ही लिनक्सची फायरवॉल कशाला आहे? २५, ९९३, ४६५ ही मेलची पोर्टं सोडून सगळं अडवा. आणि काही राउटर पीपीपीओई पुढे जाऊ देतात, राउटरची जोडणी वेगळी आणि लॅपटॉपची वेगळी. सेवादाता दोन जोडण्या देत असेल तर घर बंद पडत नाही.

---

कडीकुलूप

सगळे देत नाहीत.

---

मोडेमवाला

आमच्याकडे देतात.

---

एकटाकी

विरोप हा शब्द माझ्या आधीच्या प्रतिसादानंतर कुणीही वापरलेला नाही, याची नोंद घ्यावी.

---

उंबरठा

एकटाकी, शब्द आवडला. पण वडिलांना फोनवर सांगताना 'मेल आला का' असंच तोंडात येतं, आणि त्यांनाही तेच कळतं. वेगळा धागा काढा, तिथे नक्की लिहीन.

---

रात्रपाळी

उंबरठा, तुमचा अनुभव वाचून दोन दिवस विचार करत होतो. आपण एक गोष्ट विसरलो: एमटीए-एसटीएस. सप्टेंबर २०१८, आरएफसी ८४६१. ते आलं टीएलएस (जोडणीवरचं कूटबद्धीकरण) जबरीने उतरवणाऱ्यांना अडवायला, पण इथे चपखल बसतं.

एरवी मेल देणारा सर्व्हर समोरच्याचं सर्टिफिकेट तपासत नाही. टीएलएस मिळालं तर ठीक, कुणाचंही चालतं. एमटीए-एसटीएसमध्ये तुम्ही जाहीर करता की माझा एमएक्स अमुक नावाचा आहे आणि त्या नावाचं खरं सर्टिफिकेट दाखवलं तरच मेल द्या. धोरण 'एन्फोर्स' ठेवलं की परक्या शेजाऱ्याचा सर्व्हर ते सर्टिफिकेट दाखवू शकत नाही. पाठवणारा पत्र देतच नाही, रांगेत ठेवतो, पुन्हा प्रयत्न करतो. म्हणजे ५५४ यायची वेळच येत नाही. गूगल आणि मायक्रोसॉफ्ट दोघंही हे पाळतात. छोटे सर्व्हर बरेचदा पाळत नाहीत, त्यांच्याबाबत धोका राहतोच.

धोरणाची फाईल एचटीटीपीएसवर ठेवावी लागते, ती घरच्या यंत्रावर ठेवू नका. स्थिर पानं फुकट ठेवू देणाऱ्या कुठल्याही जागी चालते. आधी 'टेस्टिंग', आठवडाभर अहवाल बघा, मग 'एन्फोर्स'. धोरण बदललं की डीएनएसमधला आयडीही बदलायचा, हे लोक विसरतात.

सर्टिफिकेट लेट्स एन्क्रिप्ट या फुकट देणाऱ्या संस्थेचं, डीएनएस-०१ पद्धतीने (डोमेन आपलं असल्याचा पुरावा डीएनएस नोंदीतून). आयपी बदलत असताना पोर्ट ८०च्या भानगडीत पडू नका.

---

उंबरठा

हे तेव्हा माहीत असतं तर. वडिलांच्या दवाखान्याचे मेल मोठ्याच सेवेवरून येतात, म्हणजे वाचले असते. तरी मी आता परत थेट घेणार नाही, मन धजत नाही.

---

रात्रपाळी

आणखी दोन गोष्टी, मग थांबतो. डीकेआयएमची सही (मेल तुमच्या डोमेनचाच असल्याची खूण) घरच्या सर्व्हरवरच करा, रिलेवर सोडू नका. मजकुराला हात लागला नाही तर सही रिलेतून सुखरूप जाते, आणि रिलेने पाकिटावरचा पत्ता बदलला तरी डीमार्क (प्रेषकाचं डोमेन खरं आहे का ते पडताळणारा नियम) सहीच्या जोरावर जुळतं. किल्ली २०४८ बिटांची घ्या. ती डीएनएसच्या एका तुकड्यात मावत नाही, २५५ अक्षरांची मर्यादा आहे, दोन तुकडे करून टाका. एसपीएफमध्ये (तुमच्या डोमेनचे मेल कुठल्या पत्त्यांवरून यावेत ती नोंद) रिलेचा समावेश करा, घरचा आयपी लिहू नका, उद्या तो शेजाऱ्याचा असेल.

दुसरं म्हणजे नोंदणीदाराच्या खात्याचा संपर्क पत्ता याच डोमेनवर ठेवू नका. डोमेनची मुदत संपली तर त्याची सूचना त्याच बंद डोमेनवर जाईल. बँकेचंही तसंच, ते मेल दुसरीकडे राहू द्या.

---

जोडनळी

लॅपटॉपच असेल तर एक सांगतो. त्याची बॅटरी म्हणजे घरचाच यूपीएस, हा फायदा नॅसला नाही. पण कायम शंभर टक्क्यांवर ठेवू नका. मी आधी लॅपटॉपच वापरत होतो, दीड वर्षात बॅटरी फुगून टचपॅड वर आला होता. बायोसमध्ये ८० किंवा ६० टक्क्यांची मर्यादा लावता येते का बघा. आणि नक्कल म्हणजे बॅकअप नव्हे, हे मलाही उशिरा समजलं. मी एक फोल्डर चुकून पुसला तर दोन्ही डिस्कवरून पुसला गेला.

---

निळीशाई

सगळ्यांचे आभार. जोडनळी, बॅटरीचं आजच ६०वर आणलं.

कौल मोजला. कडीकुलूप बोगद्याचे, तारयंत्र आणि रात्रपाळी ओढून आणण्याचे, सुटसुटीत नकोच म्हणणारे, उंबरठा तर थेट घेऊ नकाच म्हणतात. तरी मी थेट घरीच घेणार आहे.

कारण सांगते. ओढून आणायची पद्धत मी चार दिवस लावून पाहिली. ती चालते. पण आमच्या पेटीत पाकिटावरचा पत्ता उरत नाही, तारयंत्र यांच्या बहिणीसारखंच होणार. आणि मेल आधी दुसऱ्याच्या डिस्कवर पडून मग माझ्याकडे येतो. ती पेटी उद्या बंद झाली तर पाच मिनिटांची पत्रं जातील, फार नाही, पण ज्या सकाळी माझं खातं गेलं ती मी विसरू शकत नाही. थेट घेतलं तर पत्र एकतर पाठवणाऱ्याकडे असतं किंवा माझ्याकडे.

तर असं ठरलं. राउटर ब्रिज, डायल लॅपटॉप करणार, 'आयपी-अप'मधून डीएनएस. दुय्यम एमएक्स नाही. पोस्टफिक्स आणि पत्रं वाचायला देणारा डोव्हकॉट, 'मायनेटवर्क्स'मध्ये फक्त लूपबॅक (यंत्राचा स्वतःचा आतला पत्ता). पाठवायला नोंदणीदाराचा रिले. एमटीए-एसटीएस आधी टेस्टिंगमध्ये. मेलडिर (पत्रांचा फोल्डर) रोज रात्री बाहेरच्या डिस्कवर, आणि दर रविवारी दुसऱ्या डिस्कवर जी भावाच्या घरी राहते. बँक आणि डोमेनचे मेल होते तिथेच.

---

कडीकुलूप

चूक करताय असं अजूनही वाटतं. लूपबॅकचं वाचून मात्र बरं वाटलं.

---

तारयंत्र

माझंही तेच मत. सहा आठवड्यांनी इथेच लिहा, काय झालं ते.

---

निळीशाई

सहा आठवडे झाले.

आयपी ५३ वेळा बदलला. पहिल्याच आठवड्यात माझ्या स्क्रिप्टमधल्या चुकीने एकदा नोंद बदललीच नाही, सर्व्हर चार तास जगाला दिसत नव्हता. त्या काळातले सात मेल नंतर आपोआप आले, सगळ्यात उशिराचा दोन तासांनी. आता स्क्रिप्ट नोंद बदलल्यावर स्वतः विचारून खात्री करते, आणि जुळली नाही तर फोनवर कळवते.

पाठवलेल्यांपैकी एकही परत आला नाही. मावशीच्या स्पॅममध्ये पहिले दोन गेले, तिने 'स्पॅम नाही' केल्यावर थांबलं.

उंबरठा, हे तुमच्यासाठी. टीएलएसचे अहवाल रोज मागवते. धोरण एन्फोर्स केल्यावर तिसऱ्या आठवड्यातल्या गूगलच्या अहवालात एक ओळ होती: एक जोडणी अयशस्वी, सर्टिफिकेटवरचं नाव जुळलं नाही. त्या ओळीतला पत्ता ताडून पाहिला, त्याच दिवशी सुटलेला माझा जुना आयपी. जुन्या पत्त्यावर कुणीतरी होतं. ते पत्र बावीस मिनिटांनी माझ्याकडे आलं. भावाचं होतं. त्याला आईची तीन पत्रं त्याच्या जुन्या संगणकात सापडली होती, ती जोडलेली होती.

---

उंबरठा

वाचलं. त्या तीन पत्रांच्या प्रती किती ठिकाणी ठेवल्यात?

---

निळीशाई

चार. लॅपटॉप, घरातली डिस्क, भावाकडची डिस्क, आणि एक कागदावर छापून कपाटात.